फरशीखालचा मुडदा आणि आमचा साक्षीदार

दोस्तांनो, पिच्चरचा शेवट सांगू नये म्हणतात. सांगितला की मजा जाते. मी सांगणार आहे. दहा वर्षं होऊन गेली, टीव्हीवर दर महिन्याला लागतो, तुमच्या सगळ्यांचा बघून झालाय. आणि मजा कुणाची जाते नि कुणाची राहते, याचाच हिशेब मला करायचा आहे.

'दृश्यम' जालन्यात लागला तेव्हा आम्ही चौघं गेलो होतो. २०१५ चा ऑगस्ट. पावसानं मराठवाड्याला तोंड दाखवलं नव्हतं, मोसंबीच्या बागा वाळत होत्या. आमच्यातला एक रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण पिच्चरला झोपला नाही. शेवटचा सीन आला. नव्या पोलीस ठाण्याची नवी फरशी दिसते, आणि आपल्याला कळतं की सगळं गोवा ज्या पोराचा मुडदा शोधतंय तो इथंच, पोलिसांच्या पायाखाली गाडलेला आहे. थेटरात शिट्ट्या. टाळ्या. पुढच्या रांगेतला एकजण खुर्चीवर उभा राहिला. मीपण टाळी वाजवली. खोटं कशाला सांगू.

बाहेर येऊन गाड्यावर चहा घेताना भट्टीवाला म्हणाला, "लेका, आपल्या लोकायला असलं डोकं पाहिजे. च्यायला, मोर्चे काढून काढून काय झालं? डोकं चालवायचं. पुरावाच ठेवायचा नाही."

मी तेव्हा गप्प बसलो. माझ्या पोटात काहीतरी अडकलं होतं, पण काय ते मला नीट सांगता येत नव्हतं. आज सांगतो.

आधी गोष्ट. विजय साळगावकर, गोव्यातला केबलवाला. चौथी नापास, आईबाप नाहीत. रात्रभर टीव्हीवर पिच्चर बघतो, तेवढंच त्याचं शिक्षण. त्याच्या मोठ्या पोरीचा आंघोळीचा व्हिडिओ एक पोरगा काढतो, धमकावायला घरी येतो, झटापटीत पोरीच्या हातून मरतो. मेलेला पोरगा आयजी मीरा देशमुखचा. विजय ठाण्यात जात नाही. अख्खं घर घेऊन पणजीला जातो. सत्संग, हॉटेल, पिच्चर, बसचा प्रवास. गेलेला असतो ३ ऑक्टोबरला, पण भेटलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात तो २ ऑक्टोबर भरवतो. पुन्हा पुन्हा भेटतो, बोलता बोलता तारीख पेरतो, पावत्या-तिकिटं जपून ठेवतो. पोलीस विचारायला येतात तेव्हा हॉटेलवाला, कंडक्टर, थेटरातला मशीनवाला, सगळे शपथेवर सांगतात की होय साहेब, २ तारखेला हे लोक इथंच होते. त्यातला एकही खोटं बोलत नाही. त्यांना तसंच आठवतं.

मूळ पिच्चर मल्याळी, २०१३ चा, जीतू जोसेफनं लिहिलेला आणि काढलेला. हिंदीत केला निशिकांत कामतनं, 'डोंबिवली फास्ट'वाल्या. मराठी माणूस, २०२० साली गेला. कारागीर चांगला होता, हे मान्य करायला माझी काही हरकत नाही. चित्रपट कुठं ढिला पडत नाही. आणि त्यानं एक गोष्ट अशी पकडली आहे की भल्याभल्या वकिलांना ती सांगता येत नाही: केस मुडद्यावर उभी राहत नाही, केस उभी राहते साक्षीदारावर.

आता माझं.

माझा बाप सालगडी होता. घनसावंगी तालुक्यातलं एक गाव, नाव सांगत नाही, कारण तिथं अजून आमची माणसं राहतात. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच साली आमच्या वस्तीतल्या पोरांनी गावाच्या तोंडाशी पाटी लावली. पाटी लावणाऱ्यातला एक पोरगा, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, त्याला मी दादा म्हणायचो. भरदिवसा त्याचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. मारणारे चार. बघणारे तीस-चाळीस. त्यात माझा बाप. बापानं त्या रात्री पोलिसांपुढे चौघांची नावं घेतली, अंगठा उठवला. मी तेव्हा चौथीत होतो. बाप घरी आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला शाई होती, आणि तो ती पुसत नव्हता. ती शाई मला अजून दिसते.

केस कोर्टात उभी राहिली १९९८ ला. मी आठवीत. चार वर्षं म्हणजे चार साल. प्रत्येक साल पाडव्याला ठरतं. उचल कुणाकडून? त्याच घरातून. बहिणीचं लग्न निघालं, पैसे कुणाकडून? त्याच घरातून. कुणी धमकी दिली नाही बरं का. पिच्चरमध्ये व्हिलन येतो, चाकू दाखवतो, तसलं काही नाही. मालकानं एकदाच विचारलं, "काय रं, पुढच्या साली राहायचं का नाही?"

बाप साक्षीला उभा राहिला. सरकारी वकिलानं विचारलं, त्या दिवशी काय बघितलं? बाप म्हणाला,

"मला काय म्हाईत नाई सायेब. त्या दिशी मी गावातच नव्हतो. जालन्याला गेलतो. मोंढ्यात."

फितूर. कोर्टाच्या कागदावर हाच शब्द लिहितात. चौघं निर्दोष सुटले. दादाचा हात वाकडाच राहिला. बापाशी दादा पुढं कधी बोलला नाही आणि मला वाटतं बापही स्वतःशी कधी बोलला नाही.

आता कळलं का, थेटरात माझ्या पोटात काय अडकलं होतं? विजय साळगावकर म्हणतो, त्या दिवशी मी इथं नव्हतो, पणजीला होतो. आख्खं थेटर उठून टाळ्या वाजवतं. माझा बाप म्हणतो, त्या दिवशी मी इथं नव्हतो, जालन्याला होतो. एकच वाक्य. विजयला त्या वाक्यानं पोरगी वाचवता आली. माझ्या बापाच्या वाक्यानं मारणारे वाचले. वाक्य बापाचं, पण ते लिहिणारा दुसराच होता.

म्हणून भट्टीवाल्याला माझं पहिलं सांगणं हे: गड्या, असलं डोकं आपल्या गावात आहेच. पण ते आपल्याकडे नाही. तारखा बदलणं, पावत्या तयार करणं, माणसांच्या आठवणी फिरवणं, ही कला गावातल्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि तिच्यासाठी कुणाला पिच्चर बघावे लागले नाहीत. तुला ती नवी वाटली कारण पहिल्यांदा एक साधा माणूस ती वापरताना दिसला.

दुसरं. विजयची युक्ती चालते कारण लोक त्याला बघतात. हॉटेलवाला त्याला टेबल देतो, कंडक्टर त्याच्याशी गप्पा मारतो, मशीनवाला त्याला केबिनमध्ये घेतो. त्याचा चेहरा लोकांच्या लक्षात राहतो आणि त्याचा शब्द खरा मानला जातो. पिच्चरनं त्याची गरिबी सांगितली, शिक्षण सांगितलं, आईबाप नाहीत हे सांगितलं. जात मात्र सांगितली नाही. सांगायची गरजच पडली नाही, आणि जात सांगावी लागू नये हीच तर त्याची सगळ्यात मोठी इस्टेट. त्याच्या जागी आमच्या वस्तीतला केबलवाला ठेवा. उपनिरीक्षक गायतोंडे तारीख तपासत बसेल? पणजीच्या पावत्या मागेल? पहिल्या रात्रीच उचलेल, आणि सकाळी कागदावर कबुलीजबाब तयार असेल. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे, १८७२ च्या पुरावा कायद्यातला, आणि २०२४ ला नवा कायदा आला त्यातही तो राहिला. पण त्या रात्री जे हाड मोडतं ते कायदा जोडून देत नाही.

पिच्चरमध्ये गायतोंडे विजयच्या लहान पोरीला मारतो तेव्हा थेटर हळहळतं. बायका पदर तोंडाला लावतात. गाव खवळतं, पोलिसांवर धावून जातं. मला विचारायचं आहे की फासेपारध्याच्या पोराला ठाण्यात उलटं टांगतात तेव्हा कुठलं गाव धावून जातं? गाव तर पोलिसाला जीपपर्यंत सोडायला येतं.

हे दाखवणारा थ्रिलर नाही असं नाही. २०२१ ला तमिळमध्ये 'जय भीम' आला. तोही गुन्ह्याचाच पिच्चर आहे, त्यातही एक माणूस बेपत्ता आहे, मुडदा शोधायचा आहे. तमिळनाडूतली १९९३ ची खरी घटना, कोठडीतल्या मरणाची. तिथं मुडदा लपवणारे पोलीस आहेत, आणि शोधणारी आहे त्याची पोटुशी बायको. वकील तिच्या बाजूनं उभा आहे. दोन्ही पिच्चर शेजारी ठेवा. 'दृश्यम'मध्ये नागरिक मुडदा ठाण्याखाली गाडतो तेव्हा ती गंमत असते. ठाण्यानं आपल्या कोठडीत मुडदे पाडले ती बातमीसुद्धा होत नाही. कायदा एकच, फरशीही एकच.

आता तारखेचं. 'दृश्यम'नं २ ऑक्टोबर ही तारीख सगळ्या देशाच्या तोंडी केली. आज पोरं मोबाईलवर त्याच्यावर विनोद पाठवतात: २ ऑक्टोबरला तुम्ही कुठं होता? मला हा प्रश्न विनोदाचा वाटत नाही. मी सांगतो आपण कुठं होतो. २ ऑक्टोबर २००६. दसरा होता त्या दिवशी. धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षं झालेली, लाखो माणूस नागपूरला दीक्षाभूमीवर. आणि तिथून काही तासांच्या वाटेवर, भंडारा जिल्ह्यात, तीन दिवस आधी, २९ सप्टेंबरला, खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारून टाकलेली. आई, मुलगी, दोन मुलगे. आम्ही दीक्षाभूमीवर निळे झेंडे घेऊन उभे होतो आणि आम्हाला ते माहीतच नव्हतं. महाराष्ट्र पेटला तो नोव्हेंबरात. पहिलं शवविच्छेदन असं झालं की पुरलेले देह पुन्हा बाहेर काढावे लागले.

आणि त्यांना का मारलं? हे नीट ऐका, कारण ते लोक विसरतात. जमिनीचा वाद जुना होताच. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या जवळच्या एका माणसाला मारहाण झाली होती. या माय-लेकींनी मारणाऱ्यांना ओळखलं आणि पोलिसांपुढे तसं सांगितलं. आरोपी २९ तारखेला जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी ते घरावर आले. त्या दोघी साक्षीदार होत्या, दोस्तांनो. माझ्या बापानं जे केलं नाही ते त्यांनी केलं होतं.

१५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पुढं २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी सुनावली, पण अॅट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही म्हणून सांगितलं. म्हणजे खून झाला, पण जात नव्हती. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. 'दृश्यम'च्या शेवटाला लोक झटका म्हणतात. मला झटका तो निकाल वाचून बसला होता.

पुढचं खर्डा. जामखेड तालुका, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा पोरगा, शाळेपासून मारत नेला, दिवसाढवळ्या, गावादेखत. नोव्हेंबर २०१७ ला आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. इथं कुणी पणजीला जाऊन तारीख पेरली नव्हती. तारीख तीच, जागा तीच, माणसं तीच. फक्त कुणाला काही आठवत नव्हतं.

'दृश्यम'चा दुसरा भाग २०२२ ला आला. त्यातला शेवट आणखी मोठा झटका म्हणून गाजला. पोलीस ठाण्याची फरशी फोडतात, हाडं काढतात, तपासायला पाठवतात, आणि ती हाडं त्या पोराची निघतच नाहीत. विजयनं आधीच हाडं बदललेली असतात. थडगी खणणारा एक माणूस त्यानं पैशाची मदत करून हाताशी धरलेला असतो. तो दुसऱ्या कुणा मेलेल्या पोराची हाडं काढून देतो. थेटरात पुन्हा टाळ्या. या वेळी माझे हात उठले नाहीत. मी विचार करत बसलो, ती हाडं कुणाची? त्या पोराला आई नव्हती? आयजीच्या पोराच्या अस्थी शेवटी मानानं आईबापाच्या हातात जातात. या दुसऱ्याची आठवण सिनेमाला नाही, बघणाऱ्याला नाही. आणि थडगी खणणारा माणूस कोण असतो, मुडदा कोण उचलतो, मेलेलं जनावर कोण ओढतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. या देशात नायकाची अक्कल चालायला खाली एक नाव नसलेला माणूस लागतो, आणि एक नाव नसलेला मुडदा.

तरी मी भट्टीवाल्याला मूर्ख म्हणणार नाही. त्याच्या टाळीत एक खरी गोष्ट आहे. त्या थेटरात सगळ्या जातीचे लोक होते, आणि विजय ठाण्यात का जात नाही असा प्रश्न एकानंही विचारला नाही. ठाण्यात जायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती टाळी म्हणजे पोलिसांबद्दल लोकांनी दिलेला निकाल आहे. चीनमध्ये २०१९ ला हाच पिच्चर त्यांच्या भाषेत काढला, तिथं शेवटी बाप स्वतःहून गुन्हा कबूल करतो. तिथल्या सरकारला गुन्हेगार सुटलेला चालत नाही म्हणतात. आपल्याकडे तो सुटतो, कारण आपल्या लोकांना कायद्याचा जय झाला असं दाखवलं तर ते हसतील.

पण भट्टीवाल्या, कायदा हरला म्हणून आपण जिंकत नाही. कायदा हरतो तेव्हा ज्याच्याकडे जमीन, नातं, गाव आणि साक्षीदार आहेत तो जिंकतो. आपल्याकडे यातलं काय आहे?

म्हणून आता कडू बोलतो, आपल्याच लोकांना.

अत्याचार झाला की आपण काय करतो? गुन्हा नोंदवायच्या दिवशी ठाण्यापुढे दोनशे माणूस. घोषणा, निवेदन, फोटो. नेते येतात, गाड्या येतात. मग आरोपपत्र, मग तारखा. तीन वर्षं, पाच वर्षं. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात किती माणसं असतात? मी जाऊन बसलोय, मोजलीत. फिर्यादी, त्याची बायको, आणि एखादा साक्षीदार, भिंतीला टेकून, गावाकडच्या एसटीत परत कसं चढायचं या विचारात. समोरच्या बाजूला मात्र पंचवीस-तीस जण, पांढरे कपडे, जीपगाड्या. साक्षीदार त्यांच्याकडं बघतो, मग आपल्याकडं बघतो. आपण नसतोच. मग तो फितूर झाला की आपण त्याला शिव्या घालतो. भडवा म्हणतो. मीही बापाला मनात तेच म्हणालो होतो, आठवीत असताना.

कायद्यात सोय नाही असं नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातलं १५-अ कलम वाचा. साक्षीदाराला संरक्षण, प्रवास, निर्वाहखर्च, गरज पडली तर दुसरीकडं वसवणं, हे सगळं सरकारवर बंधनकारक. १९९५ च्या नियमांत तर साक्षीदाराला येण्याजाण्याचं भाडं आणि किमान मजुरीइतका भत्ता द्यायचाच आहे. डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं साक्षीदार संरक्षणाची योजना सगळ्या राज्यांना लागू केली. आपल्यापैकी किती जणांनी एका तरी साक्षीदाराला तो भत्ता मिळवून दिला? मी विचारतोय, कारण मीही नाही दिला अजून.

मला पिच्चरवर बंदी नको, निषेधाचं पत्रकही नको. पिच्चर बघा, शिट्ट्या मारा. पण विजय साळगावकरकडून एक गोष्ट शिकायची असेल तर ती ही की तो आपल्या साक्षीदाराला एकटं सोडत नाही. पुन्हा पुन्हा त्याच्याकडं जातो. त्यानं ते खोट्यासाठी केलं, आपल्याला खऱ्यासाठी करायचंय. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला, जिथं आपल्या माणसाची केस उभी आहे तिथं तारीख लिहून ठेवा. साक्षीच्या दिवशी दोनशे नको, वीस जण या. आणि त्याच्या आधीची चार-पाच वर्षं त्या माणसाला त्या घरातून उचल घ्यावी लागू नये, एवढं बघा. शहरात मिल आहेत, मोंढा आहे, बांधकामं आहेत. एका माणसाला काम लावणं मोर्चापेक्षा अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणूनच आपण मोर्चा काढतो.

मागच्या दिवाळीत बाप माझ्याकडे आला होता. टीव्हीवर 'दृश्यम' लागला होता. मी चॅनेल बदलायला गेलो, तर म्हणाला, असू दे. शेवटपर्यंत बघितला. फरशीचा सीन आला, माझी पोरं नाचली. बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला,

"त्यानं बरोबर केलं बाबा. लेकरासाठी माणूस काय बी करतो."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तोच पुन्हा म्हणाला,

"पण त्याला हाटेलवाला भेटला. मला कुणी विचारायलाच आलं नाही रं. चार वर्षात एकदा बी."